लाळेतल्या अमायलेजचं प्रॅक्टिकल कुठे फसतं

मुंबईत बीएस्सीला नव्याने आलेल्यांच्या वाट्याला एन्झाइमचं पहिलं प्रॅक्टिकल येतं ते बहुधा लाळेचं: लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च किती वेळात तोडतं ते आयोडीनच्या रंगावरून पाहायचं. ते फसतं मुख्यतः घाईने: लाळ पातळ न करताच ओतली जाते आणि पहिला थेंब टाइलवर पडेपर्यंत स्टार्च संपलेला असतो.

1 ग्रॅम स्टार्च आधी थोड्या थंड पाण्यात कालवा, मग साधारण 90 मिली उकळत्या पाण्यात ढवळत ओता, दोन मिनिटं उकळा आणि गार झाल्यावर 100 मिली करा. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या झाल्याच. चूळ भरून घेतलेली 1 मिली लाळ 9 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. नळीत 5 मिली स्टार्च, 2 मिली पीएच 6.8 चा फॉस्फेट बफर, 1 मिली 1% मीठपाणी. मीठ विसरू नका. क्लोराइड आयन जागेवर बसल्याशिवाय हे एन्झाइम नीट चालत नाही. 37 अंशांवर पाच मिनिटं ठेवून मग 1 मिली पातळ लाळ घाला आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा.

दर अर्ध्या मिनिटाला नळीतला एक थेंब टाइलवरच्या आयोडीनवर. स्टार्च असेल तर निळा रंग येतो, तो तुटत जाईल तसा रंग बदलतो: निळा, जांभळा, तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळा. हे दोन मिनिटांच्या आत झालं तर लाळ 1:20 किंवा आणखी पातळ करून पुन्हा करा.

तापमानाचा परिणाम पाहायला हेच बर्फात, रूम टेंपरेचरला आणि 70 अंशांवरही करतात. 70 अंशांच्या नळीतला गरम थेंब मात्र फसवतो. स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उष्णतेनेच फिका पडतो, त्यामुळे स्टार्च शाबूत असूनही संपल्यासारखं दिसतं. थेंब गार होऊ द्या, मग वाचा. आणि ‘रूम टेंपरेचर’च्या नळीपुढे डोळे मिटून 25 लिहू नका, मे महिन्यात आपल्याकडची पंखेवाली लॅब 32-33 अंशांवर असते. थर्मामीटर बुडवूनच आकडा लिहा.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येणारा प्रश्न: एन्झाइमने वेग वाढतो कसा? स्टार्च पाण्यात आपोआपही तुटतो, फक्त अतिशय सावकाश, कारण मध्ये ऊर्जेची चढण असते. अमायलेजच्या खाचेतलं ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल स्टार्चमधल्या बंधाच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, ॲस्पार्टेट हे दुसरं अमिनो आम्ल दुसऱ्या बाजूने कार्बनला धरतं आणि चढण ठेंगणी होते. समतोल जिथे असायचा तिथेच राहतो. तिथे पोचायला वेळ कमी लागतो, एवढंच.

‘बर्फात एन्झाइम मरतं’ हे उत्तर चूक. पटत नसेल तर बर्फातली नळी आणि लाळ आधी उकळून केलेली नळी, दोन्ही 37 अंशांवर ठेवा. पहिलीतला निळा जाईल, दुसरीतला तासाभरानेही तसाच असेल.