मॉडेल वाय घेतलीय? मग आधी पिन लावा

जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं आणि मॉडेल वाय ही त्यांची इलेक्ट्रिक गाडी आता आपल्याकडेही अधूनमधून दिसायला लागलीय, तर ज्यांनी घेतलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाडीला नेहमीची चावी नाही, स्टार्टचं बटण नाही. फोन खिशात असला की दार उघडतं, ब्रेक दाबून ड्राइव्हला टाकली की निघाली. मस्तच आहे, पण गाडी तुम्हाला ओळखत नाही हो, फोन जवळ आहे एवढंच तिला कळतं, म्हणजे पोर्चला लागून असलेल्या हॉलमध्ये फोन चार्जिंगला लावून तुम्ही झोपलात तरी तिला वाटणार मालक आलाय.

चोर नेमकं हेच वापरतात. एकजण तुमच्या फोनच्या आसपास, दुसरा गाडीपाशी, आणि दोघांकडच्या यंत्रांतून ब्लूटूथचा सिग्नल इकडचा तिकडे. पासवर्ड वगैरे फोडायची गरजच नाही. 2022 मध्ये एनसीसी ग्रुप या सिक्युरिटी कंपनीने टेस्लावर हे करून दाखवलंय.

यावर सगळ्यात भारी उपाय फुकटात गाडीतच आहे: पिन टू ड्राइव्ह. स्क्रीनवर कंट्रोल्स, मग सेफ्टी, तिथे ऑन करा आणि चार आकडी पिन टाका. आता दार उघडलं तरी पिनशिवाय गाडी हलणार नाही. जन्मसाल, गाडीचा नंबर असलं काही ठेवू नका प्लीज. पिन विसरलात तर टेस्ला अकाउंटच्या लॉगिनने सुटका होते, आणि म्हणूनच ते अकाउंट पिनपेक्षाही जास्त जपायला हवं, कारण ॲपवरून दार उघडतं, गाडी सुरूही होते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा.

मग लॉक्समध्ये जाऊन कुठले फोन आणि कार्डं (चावीचं काम करणारी) जोडलेली आहेत ते बघा. काम सोडून गेलेल्या ड्रायव्हरचा फोन अजून तिथेच असतो बऱ्याचदा, काढून टाका.

हॉटेलात गाडी लावायला देताना व्हॅले मोड टाकून कार्ड द्या, फोन नाही. त्यात वेग ताशी 113 किलोमीटरच्या पुढे जात नाही, पुढची डिकी आणि ग्लोव्हबॉक्स बंद राहतात. घरात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं असेल तर त्याला पिन सांगूच नका, कितीही मस्का लावला तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द.

सेंट्री मोड, म्हणजे उभ्या गाडीच्या कॅमेऱ्यांची पाळत, चांगला आहे पण तो फक्त रेकॉर्डिंग करतो, अलर्ट देतो, चोराला अडवत नाही, बॅटरीही खातो.

दुसऱ्या कंपनीची रिमोट चावीवाली ईव्ही असेल तर सिग्नल अडवणारा पाऊच घ्या, मात्र चावी पाऊचमध्ये टाकून दाराशी उभं राहून हँडल ओढून बघा, उघडलं तर पाऊच बोगस. स्पेअर चावीलाही पाऊच हवाच.

दोन्ही चाव्या किंवा कार्डं नीट सांभाळा, चोरीच्या क्लेमला इन्शुरन्सवाले सगळी मागतात, आणि नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचं काहीच मिळत नाही. गाडी गेलीच तर ॲपमधल्या लोकेशनचा स्क्रीनशॉट काढून 112 ला फोन लावा, लगेच एफआयआर करा, मागे धावत जाऊ नका.