ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुवायचे नाहीत असं नसतं!
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असाल तर हे आत्ताच डोक्यात फिट्ट करा. ग्लोव्ह्जला बारीक छिद्रं असू शकतात, ती डोळ्याला दिसत नाहीत, आणि ग्लोव्ह्ज काढताना तर बाहेरची घाण हाताला लागू शकते, म्हणून घालायच्या आधी आणि काढल्यावर लगेच, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचेच. आणि एका पेशंटचे ग्लोव्ह्ज घालून दुसऱ्या पेशंटकडे अजिबात जायचं नाही, त्यावर सॅनिटायझर चोळूनही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या 5 वेळा सांगितल्यात: पेशंटला हात लावण्याआधी, ड्रेसिंग किंवा आयव्ही (शिरेत सुई) लावण्यासारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवाशी संपर्क आला की, पेशंटला हात लावल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही शेवटची खूपदा विसरली जाते बघा, बेडची रेलिंग सरळ केली, सलाईनच्या पंपाचं बटण दाबलं आणि निघालो, पेशंटला कुठे शिवलो असं वाटतं, पण जंतू तिथेही असतात.

हॅन्डरब (अल्कोहोलचं सॅनिटायझर) असेल तर 20 ते 30 सेकंद, पूर्ण सुकेपर्यंत चोळा. साबण-पाणी असेल तर 40 ते 60 सेकंद. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे होणारे जुलाब असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण त्या जंतूचे स्पोअर (टणक कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत.