नवी सवय लागत नाही? या चुका टाळा

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि तो गोड लागला. बिनसाखरेचा चहा घ्यायचं ठरवून तीनच दिवस झाले होते. घरात बाकी कोणी उठलेलं नव्हतं, म्हणजे साखर घातली ती मीच. कधी घातली, ते मात्र आठवेना. डबा गॅसशेजारी, चमचा डब्यातच, पातेल्यातल्या पाण्याला उकळी आलेली. हातानं वीस वर्षांचं काम नेमानं उरकलं होतं.

स्वतःला भरपूर बोलून घेतलं. मनावर ताबा नाही, निश्चय म्हणून नाही, वगैरे. आता वाटतं, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होता. मनाला कोणी विचारलंच नव्हतं. अंगवळणी पडलेलं काम ठरावीक खूण दिसली की आपोआप सुरू होतं. तिथे निश्चय जागा होईपर्यंत साखर विरघळलेली असते.

त्याच दिवशी डबा सर्वांत वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या बरणीमागे ठेवला.

"अहो, डबा वर ठेवून काय होणार आहे? जिभेला आवरा की," बायको म्हणाली.

"जीभ कुठे काय करते? हात करतो सगळं."

पुढच्या आठवड्यात दोनदा हात गॅसशेजारच्या रिकाम्या जागेवर गेला आणि तिथेच अडखळला. मला तेवढंच हवं होतं. त्या अडखळण्यात "अरे हो, नको" एवढं आठवायला वेळ मिळतो. मग दोन चमच्यांचा दीड, दिडाचा एक असं करत अडीच महिन्यांनी साखर सुटली.

हा अनुभव साध्यासुध्या रोजच्या वागण्याचा आहे. तंबाखू, दारू यांचं गणित वेगळं असतं, तिथे डबा हलवून भागत नाही. डॉक्टरांकडे जा. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

पंखा फिरत नसेल तर आपण लगेच नवा पंखा आणत नाही. आधी बटण बघतो, मग रेग्युलेटर, मग कॅपॅसिटर. सवयीच्या बाबतीत मात्र थेट स्वतःलाच मोडीत काढतो. खरं तर तक्रारी तीनच असतात. ठरवलेलं आठवतच नाही. आठवतं, पण होत नाही. किंवा थोडे दिवस होतं आणि बंद पडतं. तिन्हींवर "आता मनापासून करायचं" हा एकच उपाय करणं, म्हणजे ताप असो की लचक, मलम एकच.

"रोज करीन" म्हणणं

आठवत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. "रोज प्राणायाम करीन" या वाक्यात कधी ते नाही, कुठे ते नाही, कशानंतर ते नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. नुसता संकल्प सोडण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवणारे लोक ठरवलेलं काम जास्त वेळा पार पाडतात, हे त्याच्या प्रयोगांमधून पुढे आलं.

मी हेही करून फसलो. "संध्याकाळी घरी आलो की प्राणायाम" असं ठरवलं. पण आमची घरी येण्याची वेळ रेल्वेच्या हातात. कधी सात, कधी पावणेनऊ. त्यात आल्या आल्या भूक, टीव्ही, कुणाचा तरी फोन. सदरा अडकवायचा तर खुंटी तरी पक्की हवी.

खुंटी सापडली ती गिझरच्या बटणाच्या रूपानं. सकाळी बटण दाबलं की पाणी तापेपर्यंत दहा मिनिटं मी इकडून तिकडे फिरायचो, नाहीतर मोबाइल उघडायचो. आता बटण दाबलं की सतरंजी. गजराची गरज पडत नाही, कारण आंघोळ कोणी विसरत नाही. तुमच्या घरात अशा खुंट्या असतीलच: कुकर लावणं, देवापुढे दिवा लावणं, मुलांची बस गेल्यावर दार लोटणं. रक्तदाबाची गोळी विसरणाऱ्या माझ्या मामांनी गोळ्यांचं पाकीट दाढीच्या सामानात ठेवलं आणि प्रश्न मिटला.

तहान लागल्यावर विहीर खणणं

ही माझी सगळ्यांत मोठी चूक, आणि मला वाटतं बहुतेकांची.

मुलाचा गणिताचा अभ्यास घेताना मी ओरडायचो. अपूर्णांक आले की हमखास. दर वेळी नंतर वाईट वाटायचं, दर वेळी ठरवायचो की पुन्हा ओरडायचं नाही. आणि छेद समान न करता त्याने बेरीज केली की पुन्हा तेच.

घोटाळा दोन ठिकाणी होता. एक म्हणजे, "ओरडायचं नाही" ही कृतीच नाही. ओरडायचं नाही तर मग करायचं काय? ती जागा रिकामी राहिली की जुनंच वागणं तिथे येऊन बसतं. दुसरं म्हणजे, नवं वागणं मी नेमकं राग चढलेला असतानाच वापरून बघत होतो. एरवी सराव शून्य. तबल्याचा कायदा घरी न घोटता थेट मैफलीत वाजवायला बसल्यासारखं.

मग जागा भरायला एक वाक्य ठरवलं: "थांब, मी पाच मिनिटांत आलो." आणि उठून गॅलरीत जायचं. एवढंच. पण हे वाक्य थंड डोक्याने घोटलं. भांडी लावताना मोठ्याने म्हणायचो, "थांब, मी पाच मिनिटांत आलो." पुन्हा. पुन्हा. खुर्चीवर बसून, वही समोर आहे असं धरून, म्हणून उठायचो. बायको आतून विचारायची, "कुणाला थांबवताय?" हसू यायचं, पण तोंडाला वळण लागत होतं.

पहिल्यांदा खरी वेळ आली तेव्हा वाक्य आलं, पण ओरडूनच आलं. मुलगा दचकला. मी मात्र मनातल्या मनात खूश, कारण शब्द नवे होते. नुसता आवाज जुना होता. आवाज खाली यायला आणखी महिनाभर गेला.

नवं बोलणं शिकायचं असेल, म्हणजे नाही म्हणायला, पगारवाढ मागायला किंवा सासूबाईंना न दुखावता "आज बाहेरून मागवू या" असं सुचवायला, तर शब्द आधी ठरवा आणि तोंडाने म्हणा. मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी ओठांवर येत नाही.

एकवीस दिवसांची वाट बघणं

आपल्याकडे एकवीस हा आकडा तसाही लाडका: मोदक एकवीस, दुर्वा एकवीस. त्यामुळे "एकवीस दिवसांत सवय लागते" हे पटायला वेळ लागत नाही. पण हा आकडा आला प्लास्टिक सर्जरीतून. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की, रुग्णांना आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातलं "किमान" गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय आली.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. तो अभ्यास २०१० साली छापून आला. ठरवलेली गोष्ट आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि टोकं होती १८ आणि २५४ (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणितानं काढलेला अंदाज). पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला.

म्हणजे बाविसाव्या दिवशी सकाळी उठून सतरंजीकडे बघून कंटाळा आला, तर तुमच्यात काही खोट नाही. कॅलेंडरवर तारखा मोजणं मी तरी सोडून दिलं. त्याऐवजी एवढंच बघतो की, आज आठवण करावी लागली की आपोआप झालं?

"उपास मोडलाच आहे तर..."

चतुर्थीला चुकून बिस्किट तोंडात गेलं की काही जण म्हणतात, मोडलाच आहे तर आता मिसळही होऊन जाऊ दे. हसतो आपण, पण सवयींच्या बाबतीत सगळे असेच वागतो. अॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारू सोडलेल्या लोकांमध्ये हेच पाहिलं. एका पेल्यानं जेवढं बिघडत नाही, तेवढं "आता गेलंच सगळं" या विचारानं बिघडतं. वरच्या लंडनच्या अभ्यासातही मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

खंड पडणारच. गणपती येतात, लग्नसराई येते, मे महिन्यात गावी जाणं होतं. गावी गिझर नाही, बंब आहे, म्हणजे माझी खुंटीच गेली. पहिल्या वर्षी दहा दिवस सगळं बंद पडलं आणि परतल्यावर आणखी तीन आठवडे. आता निघायच्या आधीच ठरवतो: गावी फक्त पाच श्वास, अंथरुणातून उठल्या उठल्या. प्रकृतीला त्याचा काय फायदा होतो देव जाणे, पण दोरा तुटत नाही.

टपरीवर शौर्य दाखवणं

आपल्याकडचा चहा साखरेसकट उकळतो. टपरीवर तर पातेलंच गोड असतं, तिथे निश्चयाला वावच नाही. पाहुणे म्हणून गेल्यावर आधण ठेवायच्या आधीच सांगावं लागतं, नंतर सांगितलं तर यजमानांना दुसरं भांडं चढवावं लागतं आणि सगळ्यांसमोर विचारणा होते, "का हो, शुगर निघाली का?" म्हणून उंबरठ्यातच, चपला काढता काढता सांगायचं, "वहिनी, माझा बिनसाखरेचा हं." हेही वाक्य मी घोटलंय. टपरीवर मात्र सरळ माघार घेतली. मित्रांबरोबर दिवसाला एक कटिंग, गोड, आणि त्याबद्दल मनाला टोचणी नाही.

एकाच वेळी पाच गोष्टी सुरू करू नका, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक जानेवारीला आपण ते विसरतो, एवढंच.

सकाळचं चालणं मात्र मला अजून जमलेलं नाही. दाराशी बूट ठेवून झाले, मित्राला सांगून झालं, रात्री चालण्याचे कपडे घालून झोपूनही झालं. सध्या दुधाच्या पिशवीची खुंटी करून बघतोय: घरपोच दूध बंद केलं आहे, चौकातल्या डेअरीवर जाऊन आणायचं. पहिल्या आठवड्यात तीन दिवस चालत गेलो. चार दिवस स्कूटर काढली. काल रात्री स्कूटरची किल्ली साबुदाण्याच्या बरणीमागे ठेवली आहे.