पक्ष्याच्या पायात रिंग घालण्यापूर्वी

पक्ष्यांचे रिंगिंग किंवा बँडिंग, म्हणजे नंतर ओळख पटावी म्हणून पायात क्रमांकाची रिंग घालणे, शिकू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पायात ॲल्युमिनियमची रिंग बसवण्याचा क्षण असतो. प्रत्यक्षात ते काम सगळ्यात शेवटी हाती येते, आणि यायलाही तसेच हवे.

आपल्याकडे हे काम हौसेखातर एकट्याने करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला पक्षी पकडण्यासाठी परवानगी लागते, म्हणून नवशिक्याला परवानगी असलेल्या संशोधन प्रकल्पात मदतनीस होऊनच शिरकाव करावा लागतो. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या मुंबईच्या संस्थेने हे काम १९२७ च्या सुमारास सुरू केले. १९५९ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याला मोठे रूप आले, कारण स्थलांतरित पक्ष्यांबरोबर रोगकारक विषाणूही प्रवास करतात का, हे तेव्हा तपासायचे होते. तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमियर हे या कामाचे जुने ठाणे. तेथे पक्षी पकडण्याचे कौशल्य बिहारमधील मीरशिकारांनी, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणाऱ्यांनी, आणले. त्यांपैकी अली हुसेन यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

मला सुरुवातीला नोंदवही मिळाली. प्रशिक्षक आकडे सांगत आणि मी ते मोठ्याने परत म्हणून लिहीत असे. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण कोणत्या पक्ष्याचा पंख साधारण किती लांब असतो आणि कोणता आकडा खटकायला हवा, याचा अंदाज येथेच येतो.

त्यानंतर येते मिस्ट नेट, आणि खरी परीक्षा तेथेच होते. बारीक काळ्या धाग्यांचे हे जाळे दोन खांबांमध्ये ताणतात. त्याला आडव्या दोऱ्यांमुळे सैल खिसे पडतात आणि आदळलेला पक्षी त्यांत अडकतो. पाऊस, जोराचा वारा किंवा कडक ऊन असेल तर जाळे उघडायचे नाही आणि उघडलेले जाळे तपासल्यावाचून अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायचे नाही. पक्षी कोणत्या बाजूने शिरला हे ओळखल्याशिवाय धाग्याला हात लावू नये. ती बाजू सापडली की बहुधा आधी पाय मोकळे करायचे, मग पंख आणि डोके. गुंता सुटत नसेल तर लगेच प्रशिक्षकाला हाक मारावी. गरज पडल्यास ते धागा कापतात. जाळे पुन्हा शिवता येते. बुलबुलासारखे पक्षी सरावाला बरे, वटवट्यासारख्या काही ग्रॅमच्या पक्ष्याला हात लावण्याची घाई नको, आणि खाटीक पक्ष्याची चोच बोटाला कशी लागते हे कोणी सांगावे लागत नाही.

पक्षी धरताना मान तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये येते, पाठ तळव्याला टेकते आणि बाकीची बोटे अंगाभोवती हलकी राहतात. पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, त्यामुळे छाती दाबली तर तो गुदमरतो. माझ्या मते पहिले काही दिवस केवळ याच पकडीसाठी द्यावेत. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला किंवा डोळे मिटू लागला, तर मोजमाप अर्धवट सोडून त्याला मोकळे करावे. प्रशिक्षकांनी असा पक्षी रिंग न घालताच सोडलेला पाहिल्यावर आधी पक्ष्याचा जीव आणि मग नोंद, हा या कामातला क्रम मला नेमका समजला.

पक्षी जाळ्यातून काढला की त्याला सुती पिशवीत ठेवतात. पंखाची लांबी पट्टीवर आणि पायाची व चोचीची व्हर्नियरने मोजतात, पिशवीसकट वजन करून रिकाम्या पिशवीचे वजन वजा करतात, पोटावरची पिसे फुंकून चरबी पाहतात आणि पिसे बदलत आहेत का तेही तपासतात. एकच पक्षी शिकाऊ आणि प्रशिक्षक दोघांनी मोजून आकडे ताडून पाहावेत, कारण पंख किती दाबून सरळ करायचा हे वाचून कळत नाही.

रिंगचा आकार पायाच्या जाडीवर ठरतो. खास पक्कडीने ती मिटल्यावर तिच्या दोन्ही कडा नीट जुळल्या पाहिजेत, आणि रिंग पायावर फिरली व थोडी वरखाली सरकली पाहिजे, पण सांध्यावरून घसरता कामा नये.

जाळ्यात आलेल्या पक्ष्याच्या पायात आधीचीच रिंग असेल, तर नवी घालायची नसते. तिच्यावरचा क्रमांक आणि संस्थेचे नाव दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आणि शक्य असल्यास छायाचित्र घ्यायचे, कारण एक अंक चुकला तरी ती नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जाते.