अमेरिकेत असायलम मागताय? आधी वकील पारखून घ्या

अमेरिकेत फौजदारी खटल्यातल्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकार देतं. असायलमच्या, म्हणजे मायदेशी छळाची भीती आहे म्हणून आश्रय मागण्याच्या, प्रकरणात देत नाही. वकील करायचा हक्क आहे, खर्च मात्र आपला. तारखेला कोर्टच कुणाला तरी उभं करील या भरवशावर राहू नका. देशात आल्यापासून एक वर्षाच्या आत आय-589 हा असायलमचा अर्ज दाखल व्हावा लागतो; उशिराला अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावरच पडते. शोध पहिल्या महिन्यात सुरू करा, अकराव्यात नाही.

आपल्या माणसांची पहिली फसगत 'नोटरी' या शब्दापाशी होते. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी सहसा वकीलच असतो. अमेरिकेतला नोटरी पब्लिक वकील असावा लागत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात शिक्के मारणाराही चालतो. इमिग्रेशन कन्सल्टंट, ट्रॅव्हल एजंट, 'सगळं करून देतो' म्हणणारे ओळखीतले भाऊ, यांचंही तेच. सल्ला द्यायचा अधिकार मुख्यतः दोघांना: एखाद्या राज्याचा परवाना असलेला वकील, नाहीतर न्याय विभागाने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी. इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे न्यू जर्सीचा परवाना टेक्सासच्या इमिग्रेशन कोर्टात चालतो. तो चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, ते त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर पाहा. प्रतिनिधीला एकच विचारा, मान्यता पूर्ण की अंशतः? अंशतः असेल तर तो इमिग्रेशन कोर्टात उभा राहू शकत नाही.

मोफत काम करणाऱ्यांची राज्यवार यादी इमिग्रेशन कोर्टं चालवणाऱ्या ईओआयआरच्या संकेतस्थळावर मिळते. फोन केल्यावर रामकहाणी नको. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला क्रमांक), पुढची तारीख नि कोर्ट, देशात आल्याचा दिवस, एवढंच आधी सांगा. बहुतेक जण 'जागा नाही' म्हणतील. म्हणजे तुमची केस कच्ची आहे असं नव्हे. कुणाला कधी फोन केला ते वहीत लिहून ठेवा. वकिलासाठी न्यायाधीशांकडे मुदत मागताना ही वही कामाला येते.

करार लेखी घ्या. फी फक्त अर्जाची की अंतिम सुनावणीपर्यंतची, अपील त्यात धरलंय का, हे त्यात हवं. 2025 च्या कायद्याने अर्जावर सरकारी शुल्कही लागलं, सुरुवातीला 100 डॉलर. त्याची पावती वेगळी मागा. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. 'हमखास मिळवून देतो' हे शब्द ऐकले की उठा. आणि आय-589 च्या शेवटी अर्ज तयार करणाऱ्याच्या सहीची जागा असते, ती बघा. पैसे घेऊन अर्ज भरणारा तिथे सही करायला का-कू करत असेल, तर कागद उचला आणि चालू लागा.

आता खरी अडचणीची जागा, तुमचं निवेदन. केसेस इथेच मोडतात, आणि बऱ्याचदा खोटेपणामुळे नव्हे, भाषांतरामुळे. '5/8/2023' हा आपला 5 ऑगस्ट, अमेरिकन डोळ्यांना 8 मे. म्हणून महिना अक्षरातच लिहा. 'माझ्या भावाला मारलं' असं सांगता, तो असतो चुलतभाऊ; इंग्रजीत सख्खा होतो, आणि अर्जातल्या भावंडांच्या रकान्यात त्याचं नावच नसतं. सरकारी वकील नेमका तोच धागा ओढतो. 'मामा' आणि 'काका' दोघेही इंग्रजीत 'अंकल', तेव्हा आईचा भाऊ की वडिलांचा ते लिहून घ्या.

वकिलाकडे जाण्याआधी सगळं मराठीत, क्रमाने, स्वतः लिहून काढा. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीच्या सुमारास' म्हणा, अंदाजाने आकडा ठोकू नका. सीमेवर भीतीबद्दलची मुलाखत झाली असेल तर तिची नोंद वकिलाने निवेदन लिहिण्याआधीच वाचलेली हवी. तिथे दोनच हल्ले सांगितले आणि इथे चार, तर फरक का पडला तेही निवेदनात यायला हवं. इंग्रजी मसुदा ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्या, मगच सही. 'फॉर्म्यालिटी आहे, सही करा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका: जाणूनबुजून खोटा अर्ज ठरला तर इमिग्रेशनचे सगळे लाभ कायमचे बंद होऊ शकतात. एकच कथा दहा अर्जांत चिकटवणारे असतात आणि पकडलेही जातात.

एफआयआर किंवा दवाखान्याच्या मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' अशी भाषांतरकाराची सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरीचा शिक्का लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

केस कोर्टात नसून सरकारी असायलम ऑफिसकडे असेल, तर तिथल्या मुलाखतीला दुभाषा आपणच न्यायचा असतो. तो किमान 18 वर्षांचा हवा, तुमचा वकील किंवा साक्षीदार चालत नाही. कोर्टात दुभाषा मोफत मिळतो. तिथे 'हिंदी चालेल' म्हणू नका, मराठीच मागा.

पत्ता बदलला तर पाच कामकाजी दिवसांत ईओआयआर-33 हा पत्ताबदलाचा फॉर्म कोर्टात गेला का, हे वकिलाला स्वतः विचारा. नोटीस जुन्या घरी पडून राहिली आणि तारीख चुकली, तर तुमच्या पाठीमागेच हद्दपारीचा हुकूम निघू शकतो.