क्लिक जिरतं कुठं?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना मशिनच्या स्क्रीन करून देणं हे आमचं काम. नवी पोरं येतात ती सी++ शिकून. क्यूटीची (स्क्रीन बनवायची सी++ लायब्ररी) तयार बटणं लावेपर्यंत सगळं सुरळीत असतं. स्वतःचं विजेट, म्हणजे बटणासारखा स्क्रीनवरचा घटक, करायला घेतलं की अडतात.

मागं भट्टीचं तापमान सेट करायला एक गोल डायल केला होता. ऑपरेटरची तक्रार आली, "कडंला धरलं की फिरतंय, मधी धरलं की फिरत न्हाई बघा." आमचा नवा गडी लगेच कोनाचं गणित तपासत बसला. गणित बरोबरच होतं. डायलच्या मधोमध आकड्याचं क्यूलेबल, म्हणजे मजकूर दाखवायचं विजेट, होतं. साधं लेबल क्लिक आपल्याकडं ठेवत नाही, पॅरेंटकडं, म्हणजे ते ज्याच्या आत बसलंय त्या विजेटकडं, जाऊ देतं. पण आकडा कॉपी करता यावा म्हणून त्यावर मजकूर सिलेक्ट करायची सोय चालू केलेली, त्यामुळं लेबलच क्लिक खात होतं. लेबलला 'ट्रान्सपरंट फॉर माउस इव्हेंट्स' हे ॲट्रिब्यूट लावलं, म्हणजे माउसपुरतं ते लेबल नसल्यासारखं केलं, आणि डायल फिरला.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी क्लिकचा माग काढा. प्रत्येक विजेटला ऑब्जेक्ट नेम द्या, क्यूॲप्लिकेशनवर (अख्ख्या प्रोग्रामच्या ऑब्जेक्टवर) इव्हेंट फिल्टर, म्हणजे प्रत्येक इव्हेंट आधी बघणारं फंक्शन, बसवा आणि माउस दाबल्याचा इव्हेंट कुणाकडं चाललाय ते क्यूडीबगनं छापा. एकच क्लिक अनेकदा छापलं जाईल: आधी खिडकी, मग लेबल, मग त्याचा पॅरेंट. यादी जिथं थांबली, तिथं कुणीतरी ते गिळलं. फिल्टरमधून फॉल्सच परत करा, म्हणजे इव्हेंट पुढं जातो. ट्रू दिलंत तर तुमचा फिल्टरच चोर ठरेल.

ब्रेकपॉइंटच्या (डीबगरनं प्रोग्राम ठरल्या ओळीवर थांबवायच्या) नादाला इथं लागू नये असं माझं मत. प्रोग्राम मधेच थांबतो, फोकस (की-बोर्डचा ताबा) डीबगरकडं जातो आणि बघायचं तेच बिघडतं. लिनक्सवर एक्स११ (खिडक्या आणि माउस सांभाळणारी यंत्रणा) असेल आणि मेनू उघडा असेल, तर अख्खा माउसच अडकून बसतो.

बाकीची दुखणी किरकोळ. की-बोर्ड ऐकू येत नसेल तर फोकस पॉलिसी बघा, साध्या क्यूविजेटला ती 'नोफोकस' असते. बटण न दाबता माउस फिरवल्याचं कळत नसेल तर माउस ट्रॅकिंग चालू करा. मूळ विजेटचं फंक्शन नव्यानं लिहिताना त्याच्यापुढं ओव्हरराइड लिहायचंच, स्पेलिंग चुकलं तर कंपायलर तिथंच बोंबलतो.

पायथनच्या टीकेइंटरवरून (तिथली स्क्रीन बनवायची लायब्ररी) आलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा: तिथं फ्रेममधल्या लेबलवर केलेलं क्लिक त्या फ्रेमला कळतच नाही, लेबलला वेगळं बाइंड करावं लागतं, म्हणजे क्लिकवर काय करायचं ते जोडावं लागतं.