जास्वंदीच्या कळ्या गळायच्या, दोषी दाखवला मुंग्यांनी

कुंडीतली जास्वंद कळ्यांनी भरायची, पण फूल काही उमलायचं नाही. कळी पिवळी पडायची आणि बोट लागताच टपकन गळायची. मी आपला खत वाढवत राहिलो. पानं तेवढी हिरवीगार झाली!

एकदा खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली. शेंड्याचं पान उलटून पाहिलं, तर देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके. पिठ्या ढेकूण नावाचा किडा. तो रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

वाकडे झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. उरलेले पुंजके पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवले. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण घोळून संध्याकाळी फवारलं, मुख्यतः पानांच्या खालून. भर उन्हात फवारू नका, पानं करपतात. दर आठवड्याला एकदा, असं तीनदा केलं. भिंतीला टेकलेली फांदीही छाटली, मुंग्यांचा तो पूलच होता.

जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे छाटणी पथ्यावर पडली. दीडेक महिन्यात पहिलं लाल फूल उमललं.